डॉक्टर, मुक्काम किती दिवस?

शिक्षण संपलं की वर्षभर आदिवासी भागात जाऊन रुग्णसेवा करावी, असं अनेक तरुण डॉक्टरांना मनापासून वाटतं. पण तिथला दिवस उगवतो कसा, मावळतो कसा? बंगळूरपासून चार-पाच तासांवरच्या बिळिगिरी रंगन बेट्ट्याच्या डोंगरात या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि त्याबरोबर आणखी एक अवघड प्रश्नही!

सन १८८३. बंगळूरच्या लष्करी छावणीत एक तरुण ब्रिटिश डॉक्टर रुजू झाला. बंगला चांगला, हवा उत्तम. त्रास एकच होता, डासांचा. इतरांपेक्षा आपल्याच खोलीत डास जास्त का, याचा त्याने शोध घेतला, तेव्हा खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंपातलं पाणी ओतून टाकलं आणि डास कमी झाले. या डॉक्टरचं नाव रोनाल्ड रॉस. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत याच रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

बंगळुरात असताना डासांचा आणि मलेरियाचा संबंध रॉसला ठाऊक नव्हता. पण उष्ण प्रदेशात डॉक्टरकी करणाऱ्याने गाठीशी बांधावा असा धडा त्या पिंपाने तेव्हाच दिला होता. इलाज औषधाच्या बाटलीतच असतो असं नाही, पुष्कळदा तो खिडकीबाहेर असतो!

आजचं बंगळूर म्हणजे रुग्णालयांचं शहर. १८८६ सालचं सेंट मार्थाज, १९०० साली उघडलेलं व्हिक्टोरिया, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांसाठी देशभर नाव असलेलं निम्हान्स, सेंट जॉन्सचं भलंमोठं वैद्यकीय महाविद्यालय. त्यात आता काचेच्या भिंतींची, पंचतारांकित हॉटेलांना लाजवतील अशी खासगी इस्पितळं. पण याच शहरातून दक्षिणेचा रस्ता धरावा. कनकपुरा, मळवळ्ळी, कोळ्ळेगाल करत येळंदूर गाठावं आणि तिथून घाट चढायला लागावं. पश्चिम घाट आणि पूर्व घाट एकमेकांना भेटतात तो हा डोंगर. हत्ती, गवे, अस्वलं आणि वाघ यांचं हे रान. पांढऱ्या कड्यावर रंगनाथस्वामींचं देऊळ आहे, त्यावरूनच डोंगराचं नाव पडलं बिळिगिरी, म्हणजे पांढरा डोंगर. या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात ते सोलिगा आदिवासी. त्यांच्या वस्तीला म्हणतात पोडू. रंगनाथाने कुसुमाले नावाच्या सोलिगा मुलीशी लग्न केलं, अशी त्यांची कथा आहे. त्यामुळे देव हा सोलिगांचा चक्क जावई!

देव जावई असला तरी डॉक्टर मात्र या डोंगरावर बरीच वर्षं कुणी फिरकला नव्हता.

एक मुलगा डॉक्टर झाला

हनुमप्पा सुदर्शन यांचा जन्म ३० डिसेंबर १९५० चा. बंगळूरच्या वेशीवरचं येमलूर हे त्यांचं गाव. आज तिथे संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, तेव्हा ते साधं खेडं होतं. सुदर्शन बारा वर्षांचे असताना वडील गेले. वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि मुलाच्या डोळ्यांदेखत ते गेले. या मुलाने डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९७३ साली बंगळूर मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झालाही. वाचनात आले होते अल्बर्ट श्वाइट्झर. युरोपातलं नाव, संगीत, प्राध्यापकी सगळं मागे ठेवून १९१३ साली आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये, लांबारेने इथे नदीकाठी रुग्णालय काढणारा हा माणूस. त्याच्या जोडीला स्वामी विवेकानंदांचे विचार. मग शहरात दवाखान्याची पाटी लावायची सोडून सुदर्शन रामकृष्ण मिशनच्या आरोग्यकेंद्रांत काम करत फिरले. हिमालयात गेले, बंगालात बेलूरला राहिले, कर्नाटकात कोडगूतल्या पोन्नमपेठला काम केलं. शेवटी बिळिगिरीच्या डोंगरावर येऊन त्यांनी एका झोपडीत दवाखाना थाटला. १९८१ साली ‘विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र’ या नावाने कामाला संस्थेचं रूप आलं.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. भामरागडच्या जंगलात हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला, तोही झाडाखाली आणि झोपडीतच. त्याआधी १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला पोचले होते. त्याहून मागे गेलं तर १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी उभं केलेलं मिरजेचं मिशन हॉस्पिटल आहेच. परदेशी मिशनरी, गांधी-विनोबांच्या वाटेचे कार्यकर्ते, विवेकानंदांचे अनुयायी. प्रत्येकाची श्रद्धा वेगळी, पण दवाखान्याच्या दारातली रांग सारखीच!

श्वाइट्झर जगभर गाजले ते एक थोर माणूस म्हणून. पण असा डॉक्टर दिवसभर नेमकं करतो काय? पुस्तकांत आणि सत्कारांच्या भाषणांत ते फारसं येत नाही. समजा, पुण्या-मुंबईचा एखादा नवा एमबीबीएस मुलगा किंवा मुलगी वर्षभरासाठी अशा डोंगरी दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून गेली. बिळिगिरी असो, मेळघाट असो की भामरागड, तिचा दिवस साधारण कसा जाईल ते पाहू.

सकाळ : भाषा पहिली, स्टेथोस्कोप दुसरा

दवाखाना सकाळी उघडतो, पण रुग्ण त्याच्याही आधी आलेले असतात. कुणी पहाटेच निघून पाच-सहा किलोमीटर चालत आलेलं, कुणी आदल्या संध्याकाळीच येऊन ओसरीवर झोपलेलं. रोग्याबरोबर अर्धं घर येतं. आजी, नवरा, कडेवरचं मूल. सगळे तपासणीच्या खोलीत शिरतात. शहरात अपॉइंटमेंट देणाऱ्या डॉक्टरला इथे पहिला धक्का बसतो तो खासगीपणाचा.

दुसरा धक्का भाषेचा. ‘यल्लि नोवु?’ म्हणजे कुठे दुखतंय? ‘येष्टु दिना आय्तु?’ म्हणजे किती दिवस झाले? ही दोन वाक्यं पाठ करून नवा डॉक्टर खुर्चीत बसतो. प्रश्न विचारता येतो, पण उत्तर आलं की पंचाईत! कारण सोलिगांची बोली कन्नडच्या जवळची असली तरी पुस्तकातल्या कन्नडसारखी नाही. ‘अंगात कसंतरी होतंय’ हे प्रत्येक भाषेत वेगळ्या तऱ्हेने सांगतात आणि निदान बहुतेकदा त्या ‘कसंतरी’मध्येच दडलेलं असतं. मग शेजारी उभी असलेली नर्सबाई दुभाषी होते. पहिले काही महिने खरी डॉक्टर तीच. रोगी तिच्याकडे बघून बोलतो, ती डॉक्टरला सांगते आणि डॉक्टरने लिहून दिलेली गोळी कशी घ्यायची तेही तीच समजावते. ज्या नवख्याला याचा राग येत नाही तो टिकतो.

आजार कसले? नाट्यमय फार थोडे. ताप, खोकला, जुलाब, खरूज, पिकलेल्या जखमा, दाढदुखी, पंडुरोग. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन बघावं तर सहा-सातवर. तिला लोहाच्या गोळ्या द्याव्यात तर महिन्याने त्या तशाच घरी पडलेल्या. का? तर गोळीने शी काळी होते, मळमळतं, म्हणून तिने बंद केल्या. हे आधीच सांगायला हवं होतं, हे डॉक्टरच्या मग लक्षात येतं. गोळी जेवणानंतर घे, शौचाला काळं झालं तर घाबरू नको, ही दोन वाक्यं औषधाइतकीच मोलाची.

मग असतात ते ‘सिकलसेल’चे रोगी. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला तर मुलाला आजार होतो, एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक राहतं. वाहकाला मलेरिया फारसा जीवघेणा ठरत नाही, म्हणूनच मलेरियाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांमध्ये हा दोष टिकून राहिला. सोलिगांत तो आहे, आपल्या गडचिरोली-नंदुरबारातही आहे. भरपूर पाणी प्यायला सांगणं, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देणं, थंडी-तापापासून जपणं, गरज असेल तिथे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देणं आणि लग्न ठरवण्याआधी रक्त तपासायला सांगणं, असा हा आयुष्यभराचा कार्यक्रम. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेलविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे आणि २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन करण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. पण मोहीम दिल्लीची असली तरी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायला डोंगर चढून कुणीतरी जावंच लागतं.

दुपार : पोडूची पायवाट

दुपारचं जेवण म्हणजे नाचणीचा वाफाळता उंडा आणि सार. तिकडे त्याला मुद्दे म्हणतात. तो चावायचा नसतो, साराबरोबर गिळायचा असतो. आठवडाभर घशाशी अडकतो, मग असा आवडायला लागतो की सुट्टीत घरी गेल्यावर आठवण येते!

जेवण झालं की जीप निघते. औषधांची पेटी, वजनकाटा, लसीचा थंड डबा, रक्तदाबाचं यंत्र. जीप जिथे थांबते तिथून पुढे चालणं. पोडूवर पोचावं तर निम्मी घरं बंद, कारण मोठी माणसं कामाला गेलेली. मधाचा, आवळ्याचा हंगाम असेल तर सगळं पोडू रानात. मग संध्याकाळपर्यंत थांबायचं नाहीतर पुन्हा यायचं. डॉक्टरच्या वेळापत्रकाप्रमाणे पोडू चालत नाही, पोडूच्या वेळापत्रकाप्रमाणे डॉक्टरने चालायचं असतं.

इथे रॉसचं पिंप आठवतं. दवाखान्यात ज्या मुलाचे जुलाब तीनदा बरे केले, त्याच्या घरचं पाणी कुठल्या डबक्यातून येतं ते इथे दिसतं. ज्या बाईच्या अंगात रक्त नाही, तिच्या चुलीवर काय शिजतं तेही इथेच कळतं. आणि ते तसं का शिजतं, याचा इतिहासही हळूहळू कानावर येतो. १९७४ साली या डोंगरात अभयारण्य झालं. सोलिगांची फिरती शेती थांबली, शिकार बंद झाली. नाचणी, कंदमुळं, मध, रानभाज्या असं मिळून जे ताट होतं त्यातल्या एकेक गोष्टीला कुंपण पडलं. पुढे २०११ मध्ये इथे व्याघ्रप्रकल्प झाला आणि त्याच वर्षी सोलिगांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्कही मिळाले. व्याघ्रप्रकल्पाच्या आत आदिवासींना असे हक्क मिळाल्याचं देशातलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. डॉक्टरला वाटतं, याचा आपल्याशी काय संबंध? पण ताटात काय येणार हे कायदा ठरवणार असेल, तर कायदा हाही औषधाच्याच कपाटातला एक खण झाला की!

पोडूवर आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती म्हणजे गप्प बसणं. सोलिगांना रानातल्या वनस्पतींची जाण आहे, त्यांच्या सुईणी अनुभवी आहेत. बाई उकिडवी बसून बाळंत होते. आडवं झोपूनच बाळंत व्हायला हवं असं पुस्तकात शिकलेल्या डॉक्टरला हे खटकतं. पण विचार केला तर त्या बसण्यात बाळाला खाली यायला मदतच होते. जुन्यातलं काय राहू द्यायचं आणि नाळ कापायचं पातं उकळून घेण्यासारखं काय आग्रहाने बदलायचं, हा विवेक कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. डॉ. सुदर्शन यांच्या केंद्राने आधुनिक उपचारांबरोबर सोलिगांच्या पारंपरिक औषधज्ञानालाही जागा दिली, हे त्यांच्या कामाचं एक ठळक वैशिष्ट्य.

जंगलातल्या आजारांची यादी बदलतही असते. माकडताप हे त्याचं उदाहरण. गोचिडीच्या चाव्याने पसरणारा हा ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१२ साली तो बंडीपूरच्या रानात दिसला, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. रानात माकडं मरून पडताहेत, ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळते? पोडूवरच्या माणसाला. त्याच्याशी ज्याचं बोलणं आहे त्या डॉक्टरला साथ आठवडाभर आधी समजते.

रात्र : काचेच्या नळीतली वीस मिनिटं

अंधार पडला की डोंगर बदलतो. रस्त्यावर हत्ती असू शकतात, त्यामुळे रात्री रोगी हलवायचा म्हणजे दहादा विचार. फोनची रेंज येते-जाते, वादळ झालं की वीज जाते. अशाच एखाद्या रात्री चौघे जण पाचव्याला झोळीत घालून आणतात. साप चावला!

घाबरलेला रोगी, घाबरलेले नातेवाईक आणि मनातून तितकाच घाबरलेला नवा डॉक्टर. आता खरी परीक्षा. साप कुठला, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि ती वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची. वीस मिनिटांनी नळी हळूच कलती केली आणि रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. पापण्या जड होऊन मिटत असतील, गिळता येत नसेल, तर नाग किंवा मण्यार. मण्यार तर इतकी चोर की जमिनीवर झोपलेल्याला चावलेलं कळतही नाही. माणूस पोटदुखीने जागा होतो.

विषावर उतारा एकच, सर्पविषविरोधी लस. घोड्याच्या रक्तापासून तयार होणाऱ्या या लसीच्या आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच द्याव्या लागतात. पण तिचीही ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचं आणि रोग्याजवळून हलायचं नाही. ना मोठं यंत्र, ना अतिदक्षता विभाग. एक नळी, एक घड्याळ, कुप्या आणि जागा राहिलेला माणूस. पहाटे रोग्याने डोळे नीट उघडले की नव्या डॉक्टरला वाटतं, शिकल्याचं सार्थक झालं. खरंच झालेलं असतं. पण असा आनंद रोज मिळत नाही. कधी झोळी उशिरा येते. आधी मांत्रिक, मग घट्ट आवळलेली दोरी, मग ब्लेडने कापलेली जखम, आणि मग दवाखाना! त्या रात्री डॉक्टर हरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखीच असते.

या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शहरात राहिलेले मित्र एमडीच्या अभ्यासाला लागलेले असतात, कुणाचं लग्न ठरतं, कुणाची गाडी येते. आई फोनवर विचारते, “अजून किती दिवस?” इकडे संध्याकाळी सातनंतर करायला काही नसतं. एकटेपणा खायला उठतो. अशा ठिकाणी जे टिकतात त्यांची कारणं मोठी तत्त्वज्ञानं नसतात. एखादा जिवाभावाचा सहकारी असतो, आज काय शिकलो ते लिहायची एक वही असते आणि कुणाच्या तरी घरी जेवायला हक्काने जाता येतं.

जायचं, पण मागे काय ठेवायचं?

आता तो अवघड प्रश्न. वर्ष संपतं. निरोपाच्या दिवशी हार घातले जातात, फोटो निघतात. जीप घाट उतरते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओसरीवर बसलेल्या माणसाचं काय?

दोन दिवसांच्या शिबिरात हा प्रश्न सगळ्यात टोचतो. शहरातून पन्नास जण बसने येतात, पाचशे लोकांना तपासतात, प्रत्येकाला दहा दिवसांच्या गोळ्या देतात. ताप-खोकल्याला ते चालेल. पण रक्तदाबाच्या, फिटच्या, क्षयाच्या रोग्याने अकराव्या दिवशी काय करायचं? क्षयाची औषधं तर अर्धवट सोडली की जंतू आणखी चिवट होतात. हेतू कितीही चांगला असो, पाठपुराव्याशिवायची सेवा ही देणाऱ्याचं समाधान करते, घेणाऱ्याचं काम करत नाही.

ज्यांनी आयुष्य यात घातलं त्या सगळ्यांनी या प्रश्नाचं एकच उत्तर शोधलं, हे विशेष. जामखेडला आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत नेमले. नवजात बाळाचं वजन, श्वास, न्यूमोनिया घरच्या घरी ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. पुढे २०११ पासून सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत देशभर नेली. हेमलकशाच्या शाळेत शिकलेली माडिया मुलं डॉक्टर झाली. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनंतर १९९७ साली पुण्याच्या ‘मैत्री’ने पावसाळ्यात तिथे स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. त्यांतले बहुतेक डॉक्टर नव्हते, साधे नोकरदार आणि विद्यार्थी होते.

बिळिगिरीतही तेच घडलं. दवाखान्यापाठोपाठ शाळा आली. आदिवासी मुलींना परिचारिकेचं शिक्षण देण्याची सोय झाली. १९८६ मध्ये डॉ. सुदर्शन यांनी ‘करुणा ट्रस्ट’ काढला. येळंदूर तालुक्यातल्या कुष्ठरोगापासून सुरुवात केली आणि मग क्षय, अपस्मार असे एकेक आजार हाती घेतले. १९९६ साली डोंगराच्या पायथ्याचं गुंबळ्ळीचं सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्र ट्रस्टने चालवायला घेतलं. सरकारी यंत्रणेला शिव्या न घालता तीच नीट चालवून दाखवायची, असा हा प्रयोग. पुढे तो अरुणाचल प्रदेशापर्यंत गेला. १९९४ साली ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार डॉ. सुदर्शन यांना मिळाला, २००० साली पद्मश्री मिळाली. कर्नाटक सरकारच्या आरोग्यविषयक कृतिदलाचे ते अध्यक्ष झाले आणि नंतर लोकायुक्तांकडे आरोग्य खात्यातल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवण्याचं कामही त्यांनी केलं. झोपडीतल्या डॉक्टरने हे का करावं? कारण औषध पोडूवर का पोचत नाही, याचा माग काढत गेलं की वाट कधी कधी बंगळूरच्या कचेरीपर्यंत येते!

मग एका वर्षासाठी जाणाऱ्याने जाऊच नये का? तसं मुळीच नाही. म्हैसूरच्या काही वैद्यकीय विद्यार्थ्यांनी डॉ. बालसुब्रमण्यम यांच्याबरोबर १९८४ साली ‘स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट’ सुरू केली, ती हेग्गडदेवनकोटे तालुक्यात रुजली. आपल्याकडे बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचवाच्या दंशाने तडफडून मरणारी माणसं पाहिली, एकेका रोग्याशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार जगाला मिळाला. सुरुवात लहानच असते. फक्त वर्षभर राहणाऱ्याने आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत आणि कुणाला शिकवून जाणार आहोत, एवढं विसरू नये. काचेच्या नळीतली वीस मिनिटं त्याने नर्सबाईला शिकवली, लोहाच्या गोळीबद्दलची दोन वाक्यं आरोग्यसेविकेच्या तोंडी बसवली, सिकलसेलच्या रोग्यांची वही नीट लावून ठेवली, तर तो घाट उतरला तरी त्याचं काम डोंगरावरच राहतं. त्याच पोडूत वाढलेली, परिचारिका होऊन आलेली एखादी सोलिगा मुलगी ती वही उघडते आणि पहिल्या रोग्याला त्याच्याच बोलीत विचारते, कुठे दुखतंय? तिला दुभाषी लागत नाही. आणि मुक्काम किती दिवस, असं तिला कुणी विचारत नाही.

जायचं ठरवलंय? मग एवढं पाहा

• संस्था आधी दोन-चार दिवस राहून पाहा. तुमच्याआधी तिथे काम होतं का आणि तुमच्यानंतर राहील का, हे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी संस्था शोधा.

• डॉक्टरांनी किमान सहा महिने, शक्यतो वर्ष तरी द्यावं. भाषा समजायलाच पहिले दोन-तीन महिने जातात.

• डॉक्टर नसलात तरी काम आहे. नोंदी ठेवणं, औषधांचा हिशोब, यंत्रांची दुरुस्ती, शाळेत शिकवणं, पाण्याची व्यवस्था बघणं यासाठी माणसं लागतातच.

• सर्पदंश, बाळंतपण, नवजात बाळाचा श्वास, लहान मुलाचं सलाइन या चार गोष्टींचा सराव निघण्यापूर्वी करून घ्या.

• स्वतःची धनुर्वात आणि काविळीची लस, मच्छरदाणी, पायात पूर्ण बूट आणि चांगली बॅटरी विसरू नका. आजारी स्वयंसेवक म्हणजे दवाखान्याला आणखी एक रोगी!

• रोग्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. तुमच्या आईचा खाटेवरचा फोटो कुणी काढलेला तुम्हाला चालेल का, एवढाच विचार पुरे.

• आणि परत आल्यावर संबंध तोडू नका. महिन्याला एक फोन, अडलेल्या रोग्यासाठी शहरातल्या इस्पितळात एक ओळख. डोंगरावरच्या डॉक्टरला याची गरज हारतुऱ्यांपेक्षा फार जास्त असते.